इंदूर पद्धतीचे खत आणि शेतीतून निघणारे वायू





गेल्या सत्रात आठवीतील एका मुलीने आपल्या मोठ्या भावाचे स्पर्धा परीक्षेचे पुस्तक वर्गात आणले होते. त्यात एक प्रश्न होता, ‘कंपोस्ट खताची इंदूर पद्धत कोणी विकसित केली?’ तिने विचारले, “सर, हे इंदूर म्हणजे आपलेच का?” वर्गात हशा पिकला. पण मधल्या सुटीत हाच प्रश्न आम्ही शिक्षकांच्या खोलीत विचारला, तेव्हा तिथेही दोघा-तिघांनाच उत्तर ठाऊक होते. तेव्हा या अंकातील पाठ त्या मुलीच्या प्रश्नावर.

होय, हे आपलेच इंदूर. १९२४ साली येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ नावाची संशोधन संस्था सुरू झाली. होळकर दरबाराने तिला सुमारे ३०० एकर जमीन दिली. कापसावर संशोधन करणे हा संस्थेचा मुख्य हेतू होता. आज त्या ठिकाणी कृषी महाविद्यालय आहे. आपल्यापैकी कित्येक जण त्याच्या फाटकावरून रोज ये-जा करतात. संस्थेचे पहिले संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. ते आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल (त्याही वनस्पतिशास्त्रज्ञच होत्या) यांनी इंदुरास येण्यापूर्वी बिहारमधील पुसा येथे अनेक वर्षे काम केले होते. हॉवर्ड यांच्या लक्षात असे आले की, पिकावर नुसते पिकापुरते संशोधन करून भागत नाही. जमिनीत जीव नसेल तर उत्तम वाणही हात टेकते. आणि जमिनीत जीव घालणारी वस्तू, म्हणजे काडीकचरा व शेण, शेतकऱ्याच्या दारातच वाया जाते आहे.

१९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने या कामावरचे पुस्तक काढले. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. एक अल्बर्ट हॉवर्ड. दुसरे यशवंत वाड, एम. एस्सी., संस्थेच्या रसायन विभागातील मुख्य सहायक. परीक्षेच्या पुस्तकांत उत्तर म्हणून एकट्या हॉवर्ड यांचे नाव छापतात. आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र दोन्ही नावे लिहावीत, असे आम्ही वर्गात सांगितले आहे. गुण कापले गेले तर आमच्याकडे यावे. पुढे १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरात आले, तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि नंतर ‘हरिजन’मध्ये या खताविषयी लिहिलेही.

आता पद्धत पाहू. आपल्याकडचा उकिरडा सगळ्यांनी पाहिलेला आहे. शेण, उरलेला चारा, राख, घरचा केर, सगळे एका ठिकाणी पडत जाते आणि वर्षाने गाडीत भरून शेतात जाते. पावसाळ्यात तो चिंब होतो, उन्हाळ्यात वरून वाळतो आणि आतून कुजत राहतो. हॉवर्ड आणि वाड यांनी याच उकिरड्याला शिस्त लावली. पिकांचे अवशेष, म्हणजे कापसाच्या पळकाट्या, तुरीच्या तुऱ्हाट्या, पाला, तण, हे एकत्र करून रात्री बैलांखाली अंथरायचे. पळकाट्या कठीण असतात, म्हणून त्या आधी शेतातील रस्त्यावर पसरायच्या. गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जात. सकाळी शेण-मूत्राने भिजलेले हे अंथरूण उचलून खड्ड्यात न्यायचे. खड्डा दोनच फूट खोल. थरावर शेणकाला, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख शिंपडायची, पाणी मारायचे, पण तुडवायचे नाही. मग तीन महिन्यांत तीन वेळा ते सगळे खालीवर करायचे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून त्या दिवसांत जमिनीवरच ढीग रचायचा. तीन महिन्यांनी हाती येते ते काळे, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत.

खड्डा दोनच फूट का? तुडवायचे का नाही? खालीवर का करायचे? तिन्हींचे उत्तर एकच आहे : हवा. ढिगात हवा खेळती राहिली की हवेवर जगणारे जिवाणू आणि बुरशी काम करतात. ढीग तापतो, साठ अंशांच्याही पुढे जातो, आणि कचऱ्यातील कार्बनचा काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, बाकीचा खतात राहतो. हवा कोंडली की त्यांच्या जागी दुसरे जिवाणू येतात, ज्यांना हवा चालत नाही. ते मिथेन तयार करतात.

हॉवर्ड यांना मिथेनची काळजी नव्हती. त्यांना चांगले खत हवे होते, एवढेच. परंतु त्यांनी १९३१ मध्ये हवेसाठी जो आग्रह धरला, तोच आज दुसऱ्या कारणाने महत्त्वाचा ठरला आहे.

पृथ्वीभोवतीच्या हवेत काही वायू असे आहेत की, ते जमिनीतून परत जाणारी उष्णता धरून ठेवतात. कार्बन डायऑक्साइड सगळ्यांना माहीत आहे; तो मुख्यतः कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने वाढतो. शेतीचे मुख्य वायू मात्र दुसरे दोन आहेत. पहिला मिथेन. शंभर वर्षांचा हिशेब केला तर एक किलो मिथेन हा सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. दुसरा नायट्रस ऑक्साइड. याचा आकडा ऐकून मुलांनी भुवया उंचावल्या : २७३. मिथेन साधारण बारा वर्षांत हवेतून नाहीसा होतो, नायट्रस ऑक्साइड मात्र शंभराहून अधिक वर्षे टिकतो.

भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या हिशेबानुसार २०२० मध्ये देशातून निघालेल्या अशा वायूंपैकी शेकडा १४च्या आसपास शेतीतून निघाले. त्यात निम्म्याहून अधिक वाटा गुराढोरांच्या रवंथाचा असतो. गाय-म्हैस चारा पचवते तेव्हा तिच्या पोटात मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. त्याखालोखाल खत घातलेल्या जमिनी आणि पाणी भरून ठेवलेली भातखाचरे येतात. मग शेणाची साठवण, आणि शेवटी काडीकचरा जाळणे. गुरांच्या बाबतीत चांगला चारा, खनिज मिश्रण आणि बिनकामाची संख्या न वाढवणे एवढे उपाय आहेत. हा विषय मोठा आहे व तो दुसऱ्या अंकासाठी राखून ठेवतो. भाताचे आपल्या माळव्यात फारसे नाही. कोकण-गोव्यात ज्यांचे नातेवाईक भात लावतात त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, खाचरात सतत पाणी तुंबवून न ठेवता ते अधूनमधून आटू दिले, तर मिथेन बराच कमी होतो. पण खत घातलेली जमीन, शेणाचा ढीग आणि जाळलेली काडी ही तीन खाती एकत्र धरली, तर शेतीच्या हिशेबाचा चौथ्याहून थोडा जास्त हिस्सा होतो. आणि या तिन्ही खात्यांना हात लावणारी एकच वस्तू आहे : चांगले मुरलेले कंपोस्ट.

येथे आमची स्वतःची फजिती सांगणे भाग आहे. २०१७ साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले, तेव्हा उत्साहाच्या भरात आम्हीही शाळेच्या मागच्या अंगणात कंपोस्टचा खड्डा खणला. पाच फूट खोल. जितका खोल तितका चांगला, अशी आमची समजूत! मुलांच्या डब्यातील उरलेली पोळी-भाजी, फळांच्या साली, कार्यक्रमातील फुले, सगळे त्यात जाऊ लागले. वाळका पाला मात्र माळी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात जाळत असे. जुलैचा पाऊस आला आणि खड्ड्याची विहीर झाली. ऑगस्टमध्ये सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. शेजारच्या घरातील आजी आम्हाला भेटायला आल्या आणि अतिशय सौम्य शब्दांत म्हणाल्या, “सर, मुलांना शिकवता ते ठीक आहे, पण आम्हाला खिडकी उघडता येत नाही.” खड्डा बुजवावा लागला. आज विचार करतो तेव्हा लक्षात येते की, आम्ही खताच्या नावाने मिथेनचा कारखाना काढला होता. ओले भरपूर, कोरडे नाही, हवा नाही, आणि वरून पाणी.

नंतर आम्ही खड्डा न करता विटांचे टाके बांधले. त्याला ‘नाडेप’ म्हणतात. मध्य प्रदेशात खेड्यापाड्यांत हे नाव हिंदीत इतके रुळले आहे की, तो एखादा सरकारी संक्षेप असावा असे आम्हालाही वाटत होते. वस्तुतः ते एका मराठी माणसाचे नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजेच नाडेप काका, यांनी ही पद्धत काढली. जमिनीवर १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे टाके. भिंतीतील विटांमध्ये ठरावीक अंतराने भोके ठेवलेली. हवा त्या भोकांतून आत जाते, त्यामुळे ढीग खालीवर करण्याची गरज पडत नाही. शेणही फार लागत नाही : सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचऱ्याला साधारण १०० किलो शेण आणि जवळजवळ पावणेदोन टन कोरडी चाळलेली माती. थरावर थर देऊन वरून शेणमातीने लिंपायचे, चिरा पडल्या तर बुजवायच्या, ओल राखायची. तीन-चार महिन्यांत खत तयार.

शेजाऱ्यांनी पुन्हा तक्रार केली नाही.

जुन्या पुस्तकांत आणखी एक ‘बंगलोर पद्धत’ दिलेली असते. तीत ढीग भरून मातीने बंद करतात व हलवत नाहीत. कष्ट कमी लागतात हे खरे, पण हवा कोंडते. तिच्यावर परीक्षेत प्रश्न आला तर उत्तर लिहावे. घरी करायची झाल्यास नाडेप किंवा इंदूर पद्धतच करावी. आणि हेही सांगितले पाहिजे की, चांगल्या ढिगातूनही थोडा नायट्रस ऑक्साइड आणि अमोनिया निघतोच. फार ओले आणि नुसते शेणाचे ढीग यात जास्त दोषी असतात. म्हणून काडी भरपूर आणि शेण बेताचे हे प्रमाण मोडू नये.

आता नायट्रस ऑक्साइडकडे येऊ. नववीच्या मुलांना आम्ही युरियाच्या एका गोणीचा हिशेब दिला होता. पालकांनीही तो मुलांबरोबर बसून करून पाहावा. गोणी ४५ किलोची असते. युरियात ४६ टक्के नत्र (म्हणजे हिंदीत आपण नाइट्रोजन म्हणतो तोच) असते. म्हणून गोणीत २०.७ किलो नत्र. शेतात घातलेल्या नत्रापैकी साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडून जातो, असे जगभरच्या हिशेबात धरतात. एक टक्का म्हणजे २०७ ग्रॅम नत्र. नायट्रस ऑक्साइडच्या रेणूचे वजन ४४ आणि त्यातील नत्राचे २८. म्हणून २०७ला ४४ने गुणून २८ने भागायचे. येतात ३२५ ग्रॅम. त्याला २७३ने गुणले की सुमारे ८९ किलो. शिवाय युरियाच्या आतच कार्बन असतो, तो जमिनीत कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो : ४५ किलोच्या गोणीमागे ३३ किलो. एकूण झाले १२२ किलो. एक लिटर पेट्रोल जाळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ही गोणी ५३ लिटर पेट्रोलच्या बरोबरीची. एका मुलाने लगेच सांगितले, एवढ्या पेट्रोलमध्ये त्याचे बाबा मोटारसायकलवरून इंदूर ते पुणे दोनदा जाऊन येतील. हिशेब बरोबर आहे. आणि यात कारखान्यात नैसर्गिक वायूपासून युरिया बनवताना जे निघते ते धरलेलेच नाही.

मग युरिया बंद करावा का? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि विज्ञानप्रदर्शनात ‘रासायनिक खत हे विष’ असे फलक लावणाऱ्या मुलांना ते आवडणार नाही. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे आणि चहाचे उत्पादन घसरले, लोक रस्त्यावर आले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. जमिनीला सवय लागलेली असते. ती एका वर्षात सुटत नाही. एका नाडेप टाक्यातून सुमारे तीन टन खत निघते. त्यात एक टक्का नत्र धरले तर ३० किलो, म्हणजे दीड गोणीच्या आसपास. तेही पहिल्याच वर्षी सगळे पिकाला मिळत नाही, हळूहळू सुटते. म्हणून एका टाक्यामागे एखादी गोणी कमी करावी, उरलेला युरिया एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत, जमिनीत ओल असताना द्यावा, आणि सोयाबीनला तर तो जवळजवळ लागतच नाही. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्वतः धरतात. तरीही माळव्यात ‘पीक पिवळे दिसते’ म्हणून सोयाबीनवर युरिया फेकणारे पुष्कळ आहेत. पिवळेपणाचे कारण अनेकदा साचलेले पाणी किंवा रोग असते.

आता नरवाईविषयी. या शब्दाला नेमका मराठी शब्द आम्हाला अजून सापडलेला नाही. ‘धसकटे’ म्हटले की ज्वारी आठवते, ‘काड’ म्हटले की कापून ठेवलेले काड. हार्वेस्टरने गहू वरून कापल्यावर शेतात फूटभर उभे राहते ते, म्हणजे नरवाई. विळ्याने कापणी होत होती तोवर हा प्रश्न नव्हता. आता एप्रिलमध्ये इंदूरहून देवास, उज्जैन, धार कुठल्याही दिशेने निघावे, संध्याकाळी क्षितिजावर लाल रेघा दिसतात. पराळी जाळण्यासाठी पंजाबला नावे ठेवण्याची आपल्याला सवय आहे. परंतु २०२४च्या खरीप कापणीनंतरच्या हंगामात उपग्रहांनी टिपलेल्या आगी मध्य प्रदेशात पंजाबहून जास्त होत्या.

वर सांगितलेल्या सरकारी हिशेबात जाळण्याचा वाटा अगदी लहान आहे, शेकडा दोनच्या आसपास. एका पालकांनी आम्हाला हेच ऐकवले : मग एवढा गवगवा कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, त्या हिशेबात जळताना निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तेवढा धरतात. काजळी धरत नाहीत, जळलेली गांडुळे धरत नाहीत, आणि जे जमिनीत जायला हवे होते ते गेले नाही हेही धरत नाहीत. भाताच्या पेंढ्यावर झालेल्या मोजणीनुसार एक टन पेंढा जाळला की सुमारे साडेपाच किलो नत्र आणि ४०० किलो कार्बन हातचा जातो. ते नत्र मग युरियाच्या गोणीतून परत आणावे लागते. एकाच खात्यातील आग दुसऱ्या खात्यातील खर्च वाढवते.

ही गोष्ट आम्ही विशेषतः पालकांना आणि विश्वस्तांना उद्देशून लिहीत आहोत. आपल्या समाजातील अनेक घराण्यांची देवास, धार, उज्जैन, खरगोनकडे वडिलोपार्जित जमीन आहे आणि ती बटाईने दिलेली आहे. आपण शहरात राहतो, हंगामाला हिशेब येतो, धान्य येते. शेत कसे रिकामे झाले हे कोणी विचारत नाही. आमचेही असेच चालले होते. देवासकडे आमची थोडी जमीन आहे. वर्गात प्रदूषणावर धडा शिकवून आम्ही त्याच आठवड्यात तिकडे गेलो आणि शेत काळे पडलेले पाहिले, तेव्हा प्रथम बटाईदारावर रागावलो. तो शांतपणे म्हणाला, “माट्साब, काडी उचलायला मजूर नाही. यंत्राचे भाडे मी एकट्याने का द्यायचे? जमीन तर तुमची आहे.” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या अर्ध्या हिश्श्यात धान्य होते, काडी उचलण्याचा खर्च नव्हता.

पुढच्या वर्षापासून असे ठरले की, हार्वेस्टरमागे स्ट्रॉ रीपर फिरवायचा, त्याचे भाडे निम्मे-निम्मे, आणि निघालेला भुसा सगळा त्याचा, कारण गुरे त्याची आहेत. खाली जे खुंट उरतात ते रोटाव्हेटरने मातीत मिसळतो. पहिल्या वर्षी आमच्या बाजूने हिशेब थोडा तोट्यातच गेला, हे लपवत नाही. रोटाव्हेटरला डिझेल लागते, म्हणजे तिथेही धूर आहेच. पण भुशाने त्याचा चाऱ्याचा खर्च वाचला आणि दुसऱ्या वर्षी त्याने आम्हाला न विचारताच रीपर सांगून ठेवला होता. ज्यांच्याकडे सुपर सीडरसारखे यंत्र भाड्याने मिळते त्यांना खुंट उभे असतानाच पेरणी करता येते. गव्हानंतर लगेच उन्हाळी मूग घेणाऱ्या नर्मदाकाठच्या शेतकऱ्यांना त्याचा विशेष उपयोग आहे, कारण त्यांच्या हाती मध्ये दिवसच थोडे असतात आणि घाईपोटीच काडी लावली जाते.

दंडाचीही माहिती असू द्यावी. आपल्या राज्यात नरवाई जाळल्यास दोन एकरांपर्यंत २५००, दोन ते पाच एकरांपर्यंत ५००० आणि त्याहून अधिक जमिनीस १५००० रुपये अशी आकारणी ठरलेली आहे. १ मे २०२५ पासून जाळणाऱ्यास मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ न देण्याचाही निर्णय सरकारने जाहीर केला. खसऱ्यावर नाव आपले असेल तर नोटीस कोणाच्या दारात येईल, हे सांगायला नको. तरी आमच्या मते दंडापेक्षा निम्म्या भाड्याचा उपाय लवकर लागू पडतो.

शेवटी शहराकडे. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी बनवणारा कारखाना १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याची आणि सुमारे १७ टन वायू देण्याची त्याची क्षमता आहे. मुलांनी नीट लक्षात घ्यावे : तिथे हवा मुद्दाम कोंडतात. जो मिथेन आमच्या पाच फुटी खड्ड्यातून शेजारच्या आजींच्या खिडकीत गेला, तोच तिथे बंद टाकीत धरून बसमध्ये जाळतात. जाळल्यावर मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि उष्णता धरण्याची त्याची ताकद कितीतरी कमी होते. गावातील गोबरगॅसचे तत्त्व हेच. म्हणजे कचऱ्याला दोनच वाटा चांगल्या : एक तर पूर्ण हवा द्या, नाहीतर हवा पूर्ण कोंडून वायू धरून ठेवा. अर्धवट कोंडलेला उकिरडा ही सगळ्यांत वाईट वाट.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी आपले मृदा स्वास्थ्य कार्ड शोधून ठेवावे. त्यावर ‘जैविक कार्बन’ असा एक रकाना असतो. मराठी पुस्तकांत त्यालाच सेंद्रिय कर्ब म्हणतात. आकडा ०.५० टक्क्यांखाली असेल तर जमीन उपाशी आहे असे समजावे. कार्डाची छायाप्रत विज्ञान शिक्षकांकडे द्यावी. गावाचे आणि मालकाचे नाव झाकून नववीचे विद्यार्थी त्याचा तक्ता करणार आहेत.

शाळेचे नाडेप टाके दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्या शनिवारी भरायचे आहे. पाचवी ते सातवीच्या मुलांनी प्रत्येकी एक पिशवी वाळका पाला आणावा. त्यात प्लास्टिक, दोरा किंवा काच नसावी. पेटवून उरलेला पाला चालणार नाही. आठवीच्या मुलांनी माती चाळून ठेवावी. नववीच्या मुलांनी प्रयोगशाळेतील थर्मामीटर घेऊन पहिले पंधरा दिवस रोज सकाळी दहाच्या सुमारास ढिगाच्या मध्यभागाचे तापमान वहीत लिहावे. शेणाची व्यवस्था झालेली आहे. येताना सर्वांनी जुने कपडे घालावेत.